ऑटिझमचं निदान झाल्यावर : दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड कसं काढायचं

आमच्या मुलाचं निदान तो सव्वातीन वर्षांचा असताना झालं. प्रमाणपत्र काढलं तेव्हा तो पाचाचा होत आला होता. मधला सगळा काळ "कशाला उगीच सरकारी शिक्का", "त्याचा मामाही उशिराच बोलायला लागला होता" यातच गेला. थेरपी चालू ठेवली तेवढं बरं केलं. पण विमा, करसवलत, शाळेत हक्काने काही मागणं, यातलं काहीच त्या काळात करता आलं नाही. जो शिक्का लागेल म्हणून आम्ही घाबरत होतो, तो कागद कपाटातल्या फायलीत असतो. आपण दाखवल्याशिवाय तो कुणाला दिसत नाही.

आधी एक गल्लत दूर करू. डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियनने, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासाच्या तज्ज्ञ डॉक्टरने दिलेला निदानाचा रिपोर्ट वेगळा आणि सरकारचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र वेगळं. रिपोर्ट थेरपिस्टच्या कामाचा. आयकर, निरामय विमा, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालचा शाळाप्रवेश या ठिकाणी मात्र प्रमाणपत्रच लागतं. आणि प्रमाणपत्र येईपर्यंत थेरपी थांबवायची नसते, ते दोन्ही शेजारी शेजारी चालतं. खासगी थेरपी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे डीईआयसीची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रं चालतात आणि 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. खासगीत जाणार असाल तर स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक विचारा. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी आरसीआयकडे नसते, महाराष्ट्रात त्यांची वेगळी परिषद आहे. विचारायला संकोच वाटतो, पण चांगला थेरपिस्ट चिडत नाही.

कोणाला मिळतं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि ऑटिझम, म्हणजे कायद्याच्या मराठीत स्वमग्नता, त्यात स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. म्हणजे मूल 'मतिमंद' ठरावं लागतं वगैरे जे ऐकायला मिळतं ते चूक आहे. उत्पन्नाची अट प्रमाणपत्राला नाही. बहुतेक सवलतींसाठी मात्र किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं.

हे टक्के येतात आयएसएए नावाच्या भारतीय मापनपट्टीवरून. त्यात 40 विधानं असतात: सामाजिक संबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा आणि संवाद, वागण्याच्या पद्धती, संवेदना, आणि आकलन अशा सहा गटांतली. प्रत्येकाला 1 ते 5 गुण, म्हणजे एकूण 40 ते 200. 70 च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यावर तीव्र. 70 गुण आले की 40 टक्के होतात आणि तिथून टक्के चढत जातात. त्यामुळे 'सौम्य आहे, याला प्रमाणपत्र मिळणार नाही' असं घरबसल्या ठरवू नका.

अर्ज आणि कागदपत्रं

जून 2021 पासून प्रमाणपत्र फक्त ऑनलाइन पद्धतीनेच दिलं जातं. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं स्वतंत्र ओळखपत्र, दोन्हींसाठी तोच एक अर्ज. फी नाही. बाहेर कुणी 'कार्ड करून देतो' म्हणत पैसे मागत असेल तर तो फक्त फॉर्म भरण्याचे पैसे घेतोय, तपासणीला जावंच लागतं. फॉर्म स्वतः भरायला अर्धा तास पुरतो. मोबाइल नंबर पालकांपैकी ज्याचा बदलणार नाही त्याचा द्या. शेवटी तपासणीचं रुग्णालय निवडायचं असतं. जिथे पुन्हा पुन्हा जाता येईल असंच निवडा, कारण एका फेरीत काम होईल असं धरून चालू नका.

लागणारे कागद तसे थोडेच: मुलाचं आधार कार्ड (नसेल तर नोंदणीची पावती), सहा महिन्यांच्या आतला फोटो, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून आईवडिलांचं आधार किंवा रेशन कार्ड. तपासणीला जाताना मात्र मोठी फाइल न्या. निदानाचा मूळ रिपोर्ट, थेरपी सेंटरचे प्रगती अहवाल, जन्मदाखला, बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड, ऐकण्याची बेरा चाचणी झाली असेल तर तिचा रिपोर्ट, आयक्यू (बुद्ध्यांक) किंवा एसक्यू (सामाजिक समज मोजणारा अंक) काढला असेल तर तोही. बेरा नसेल तर काही ठिकाणी परत पाठवतात, कारण मूल हाकेला ओ देत नाही ते ऐकूच येत नाही म्हणून तर नाही ना, हे त्यांना आधी बघायचं असतं. सगळ्याच्या दोन झेरॉक्स.

आमचा अर्ज एकदा परत आला तो भलत्याच कारणाने. जन्मदाखल्यावर मधलं नाव होतं, आधारवर नव्हतं. दुरुस्तीत महिना गेला. तेव्हा अर्ज भरायच्या आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. आणि मूल पाच वर्षांचं झालं की आधारसाठी बोटांचे ठसे आणि डोळ्यांचा स्कॅन द्यावा लागतो. आमच्या मुलाने त्या मशीनकडे बघायला तीन खेटे घालायला लावले. सकाळी केंद्र उघडताच, गर्दी नसताना जा.

तपासणीचा दिवस

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

बऱ्याच सरकारी रुग्णालयांत मानसिक आणि बौद्धिक दिव्यांगत्वाची तपासणी आठवड्यातल्या ठरावीक वारीच असते. तो वार आधी फोनवर किंवा केस पेपरच्या खिडकीवर विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ मुलाला बघतात, आणि प्रमाणपत्रावर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्या रुग्णालयाचे प्रमुख यांच्यासह मंडळाची सही होते. बहुतेकदा चाचणी एका दिवशी आणि सही दुसऱ्या दिवशी.

आम्ही पावणेनऊला पोचलो, आत बोलावलं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. मुलाने तोवर डब्याचं झाकण फरशीवर शंभरदा फिरवून झालं होतं. आत गेल्या गेल्या तो छताच्या पंख्याखाली जाऊन उभा राहिला. मॅडमनी विचारलं, "नाव काय तुझं?" तो पंख्याकडे बघतच म्हणाला, "नाव काय तुझं?" मी घाईघाईने मध्ये पडले: "घरी सांगतो हो तो, रंगपण सगळे येतात, शंभरपर्यंत आकडे येतात." मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "ताई, येतं काय ते कळलं. न येणारं सांगा."

मी गप्पच झाले. दोन वर्षं मी नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, बालवाडीच्या बाईंना त्याला काय काय येतं हेच सांगत आले होते. प्रत्येक आईबापाची हीच खोड असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ही शाळेची मुलाखत नव्हे. आयएसएएचे गुण काही अंशी समोर दिसणाऱ्या वागण्यावरून आणि बरेचसे आपण दिलेल्या उत्तरांवरून ठरतात. वीस मिनिटांत मूल जे दाखवतं त्यापलीकडचं आपणच सांगायचं असतं.

म्हणून आधीच्या आठवडाभर एका वहीत लिहून काढा. खोटं काही नको, फुगवून नको, आहे तसंच. माझ्या वहीत नंतर असं होतं: मिक्सर लावला की कान झाकून पलंगाखाली. नखं झोपेतच कापावी लागतात. वेगळ्या रस्त्याने गेलो की रस्त्यात आडवं पडणं. पाणी हवं असेल तर माझा हात धरून माठापाशी नेतो, मागत नाही. रात्री दोनला उठून पाचपर्यंत जागा. अशी वाक्यं तपासणाऱ्याला 'थोडा हट्टी आहे' यापेक्षा कितीतरी जास्त सांगतात. घरातला एखादा मोबाइल व्हिडिओ असेल तर तोही जवळ ठेवा. आणि मुलाला त्या दिवसासाठी पढवून नेऊ नका.

खाऊ, पाण्याची बाटली, आवडीची वस्तू आणि सोबत आणखी एक मोठं माणूस, हे कागदांइतकंच गरजेचं. एकाने रांगेत थांबायचं, दुसऱ्याने मुलाला बाहेर फिरवायचं.

प्रमाणपत्र आल्यावर

ऑक्टोबर 2024 च्या नियमदुरुस्तीनुसार निर्णयाची मुदत तीन महिने आहे. कार्डाचा रंग टक्क्यांवरून ठरतो: 40 च्या खाली पांढरा, 40 ते 79 पिवळा, 80 आणि पुढे निळा. प्रमाणपत्र देशभर चालतं. टक्के पटले नाहीत किंवा अर्ज नाकारला तर 90 दिवसांत अपील करता येतं. भांडण काढण्याआधी नाकारण्याचं कारण लेखी घ्या, अपिलाला तेच लागतं.

पहिलं काम निरामय विम्याचं करा. राष्ट्रीय न्यासाची, म्हणजे केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ही योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी आहे. वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, आधी कसलीही वैद्यकीय तपासणी नाही, आणि मुख्य म्हणजे थेरपीच्या खर्चाचाही काही भाग यात मिळतो. नोंदणी फी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना 250 आणि इतरांना 500 रुपये. अर्ज न्यासाच्या नोंदणीकृत संस्थेमार्फत होतो. विम्याचं वर्ष 31 मार्चला संपतं, नूतनीकरण विसरलात तर मधली बिलं बुडतात. थेरपीच्या पावत्यांवर तारीख, शिक्का आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक पहिल्या दिवसापासून मागून घ्या.

नोकरदारांसाठी आयकरातली 80डीडी म्हणून ओळखली जाणारी वजावट: 40 टक्क्यांपासून 75 हजार, 80 टक्के आणि पुढे 1 लाख 25 हजार. खर्च प्रत्यक्षात कमी झाला तरी रक्कम तीच. ही फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा सीएला कलमाऐवजी रकमेवरून विचारा.

शाळेचं सांगायचं तर आरटीईच्या 25 टक्के राखीव जागांत 40 टक्क्यांवरची दिव्यांग मुलं वंचित घटकात येतात, त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. साध्या प्रवेशाला "आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही" असं उत्तर मिळालं तर वाद न घालता तेवढंच लेखी द्या म्हणा. अनेकदा तिथूनच सूर बदलतो. दहावी-बारावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, पण त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत परीक्षेच्या बराच आधी जावा लागतो.

मूल अठरा पूर्ण झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. तेव्हा राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. ते अजून लांब आहे. जवळचं आहे ते प्रमाणपत्रावरचं छोटं अक्षर: लहान मुलांना बहुतेकदा तात्पुरतं प्रमाणपत्र देतात आणि त्यावर फेरतपासणीची तारीख असते. त्या तारखेच्या चार महिने आधीचं रिमाइंडर फोनमध्ये आजच लावून ठेवा, आणि वही फेकू नका. फेरतपासणीला तीच पुन्हा लागते.