भूतशब्द

बोलण्यात किंवा लिहिण्यात कुणी कधीच न वापरलेला, पण छपाईतल्या चुकीमुळे, हस्तलिखित नीट न लागल्यामुळे किंवा संपादकाच्या गफलतीने कोशात शिरलेला शब्द. इंग्रजी कोशशास्त्रात त्याला ‘घोस्ट वर्ड’ म्हणतात. केंब्रिजचे प्राध्यापक वॉल्टर विल्यम स्कीट यांनी १८८६ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे केलेल्या भाषणात ही संज्ञा मांडली.

स्कीट यांचे एक उदाहरण हिंदुस्थानाशी निगडित आहे. १८०८ च्या ‘एडिंबरा रिव्ह्यू’ने हिंदूंच्या ‘रानटी’ चालींचे वर्णन करताना, काहीजण गळ टोचून लटकतात (आपल्याकडच्या बगाडाचाच प्रकार) आणि काहीजण हातातून ‘काइम्स’ आरपार घालतात, असे छापले. हे काइम्स एखादे देशी हत्यार असावे, असा समज झाला. मूळ शब्द होता ‘नाइव्ह्ज’, म्हणजे साध्या सुऱ्या. परक्या मुलखाविषयी काहीही खपून जाते, त्याचा हा नमुना.

सर्वांत प्रसिद्ध भूतशब्द ‘डॉर्ड’. १९३४ च्या ‘वेबस्टर्स न्यू इंटरनॅशनल’ कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत तो भौतिक व रसायनशास्त्रातील नाम म्हणून, ‘घनता’ या अर्थाने छापला गेला. झाले असे: रसायनशास्त्राचे संपादक ऑस्टिन पॅटरसन यांनी जुलै १९३१ मध्ये एक चिठ्ठी पाठवली. घनतेचे संक्षिप्त रूप म्हणून मोठा डी किंवा छोटा डी चालतो, एवढीच त्यातली नोंद. ‘किंवा’साठी इंग्रजीत ‘ऑर’. ही चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यात जायची, ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. त्या कचेरीत मुख्य शब्दाची अक्षरे सुटी सुटी टंकित करायची पद्धत होती. त्यामुळे ‘डी ऑर डी’ हा सलग एकच शब्द वाटला, कुणीतरी त्याला उच्चारही बहाल केला आणि डॉर्ड जन्माला आला. फेब्रुवारी १९३९ मध्ये एका संपादकाला या नोंदीपुढे व्युत्पत्तीच नसल्याचे खटकले, तेव्हा हे बिंग फुटले. पाच वर्षांत ज्या हजारोंनी तो कोश चाळला, त्यांची तक्रार नव्हती. पुढे याच संस्थेचे संपादक फिलिप गोव्ह यांनी ही हकिकत १९५४ मध्ये लिहिली. डॉर्डचा अर्थ घनता का असू नये, अशी मिस्कील हळहळही त्यांनी व्यक्त केली.

काही भूतशब्द मात्र जाणूनबुजून पेरलेले असतात. २००१ च्या ‘न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरी’त ‘एस्क्विव्हेलियन्स’ हा शब्द होता. अर्थ, अंगावरची अधिकृत जबाबदारी मुद्दाम टाळणे. कामचुकारपणाला इतका भारदस्त शब्द! तो चोर पकडण्यासाठी रचलेला सापळा होता. दुसऱ्या कुणाच्या कोशात तो दिसला, की नोंदी उचलल्याचा पुरावा हाती.

चुकीतून जन्मलेला प्रत्येक शब्द भूतशब्द ठरत नाही. तो वापरात आला की खरा होतो. प्राचीन रोममध्ये गुंडाळीच्या हस्तलिखिताला नावाची चिठ्ठी लावत. तिच्यासाठी सिसेरोच्या पत्रांत आलेला ‘सिट्टीबा’ हा ग्रीक शब्द पंधराव्या शतकातल्या छापील प्रतींत चुकून वेगळाच उमटला. परीक्षेच्या आदल्या रात्री मराठी मुलेही ज्याच्या नावाने बोटे मोडतात, तो ‘सिलॅबस’ तिथूनच आला.