डीपीचा ड्राफ्ट जाहीर झालाय? हरकत कशी नोंदवायची, कागदपत्रं कुठली लागतात

नवी घरं कुठे होणार, शाळा-बाग कुठे येणार, कुठल्या गटातून रुंद रस्ता जाणार हे सगळं शहराच्या विकास आराखड्यात म्हणजे डीपीत ठरतं आणि एकदा मंजूर झाला की तो साधारण २० वर्षं चालतो. तरी बरेच जण नकाशा बघतात कधी, तर प्लॉटवर आरक्षण पडलंय, म्हणजे तो रस्ता-शाळा-बागेसारख्या सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलाय, हे कोणीतरी सांगितल्यावर, आणि तोवर मुदत गेलेली असते. ते बघून खरंच वाईट वाटतं म्हणून हे लिहितोय.

१९६६ च्या एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम २६ प्रमाणे प्रारूप आराखडा म्हणजे ड्राफ्ट जाहीर होतो, आणि राजपत्रात नोटीस आल्यापासून ३० दिवसांत (काही मोठ्या शहरांत मुदत जास्त मिळते, नोटिशीतली तारीख बघा) हरकत किंवा सूचना लेखी द्यायची असते. ३० दिवस खूप वाटतात पण कागद गोळा करण्यातच निम्मे जातात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात नगररचना विभागात जाऊन किंवा पालिकेच्या वेबसाइटवर आपल्या भागाची शीट काढा आणि आपला गट किंवा सिटी सर्व्हे नंबर शोधा. पिवळा म्हणजे रहिवास झोन, हिरवा म्हणजे शेती, बाकीच्या खुणा नकाशाच्या कोपऱ्यातल्या सूचीत असतात.

हरकत कोण घेऊ शकतं? कोणीही. जमीन तुमच्या नावावर असायलाच पाहिजे असं नाही. भाड्याने राहणारा माणूससुद्धा लिहू शकतो की इकडे एवढा रहिवास झोन वाढवलाय पण शाळेला जागाच नाही ठेवली, आणि माझ्या मते अशा सूचना फार कमी येतात, यायला पाहिजेत.

स्वतःच्या जागेबद्दल असेल तर ताजा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणी नकाशा, खरेदीखत, आणि डीपी शीटची कॉपी ज्यावर तुमची जागा लाल पेनने दाखवलीय, एवढं जोडा. आधीचा मंजूर लेआउट, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र असेल तर ते सगळ्यात आधी लावा, कारण उभ्या कायदेशीर इमारतीवरून रस्ता दाखवलाय हे कागदानेच सिद्ध होतं. नुसतं "आमच्यावर अन्याय झाला" लिहून काही होत नाही. विद्यमान जमीन वापर नकाशात तुमचं घर मोकळी जागा म्हणून दाखवलंय का ते बघा, शेजारी सरकारी जमीन असताना आरक्षण खाजगी जागेवर का टाकलं ते विचारा, आणि नक्की काय बदल पाहिजे ते एका वाक्यात लिहा. सोसायटीचं एक पत्र द्या पण ज्याची जागा जाते त्याने आपल्या गट नंबरसकट वेगळा अर्जही द्या. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

मग येते सुनावणी. नियोजन समितीत स्थायी समितीचे ३ सदस्य आणि जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ असतात, हरकत घेतलेल्याला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. नोटीस आली की जाच, वेळ थोडा मिळतो म्हणून नकाशा हातात ठेवून मुद्द्याचं बोला. पुढे आराखडा सरकारकडे मंजुरीला जातो, आणि सरकारने मोठे म्हणजे सारभूत बदल सुचवले तर मंजुरीतून वगळलेल्या त्या भागावर, ज्याला ईपी (एक्सक्लुडेड पार्ट) म्हणतात, पुन्हा हरकती मागवतात. तिथे परत लक्ष ठेवा, कारण आधी सुटलेल्या जागेवर तेव्हा काहीतरी नवीन पडू शकतं.

हरकतींनी काय होतं असं विचारणाऱ्यांसाठी, २०१५ मध्ये मुंबईचा २०३४ पर्यंतचा ड्राफ्ट आला तेव्हा त्यातल्या चुकांवर एवढा गदारोळ झाला की एप्रिलमध्ये सरकारने तो दुरुस्त करायला लावला आणि २०१६ ला सुधारित ड्राफ्ट परत लोकांसमोर ठेवावा लागला.

मुदत हुकलीच आणि आरक्षण कायम झालं तर कलम १२७ आहे. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदी नोटीस, म्हणजे आता जागा विकत घ्या अशी नोटीस, देऊ शकतो, त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्याची पावलंही उचलली नाहीत तर आरक्षण रद्द झालं असं धरतात. त्या नोटिशीसोबत मालकी किंवा हितसंबंध दाखवणारे कागद जोडावेच लागतात, म्हणून सातबाऱ्यावर वारस नोंद राहिली असेल तर ती आधी करून घ्या.