कलाकारावरची माया आणि जुन्या दिवसांची ओढ

लहानपणापासून पाहिलेला एखादा नट आजारी असल्याची बातमी येते आणि घरातलंच कुणी आजारी असल्यासारखं पोटात तुटतं. त्या वेळी मनात दोन निरनिराळ्या गोष्टी हललेल्या असतात. एक म्हणजे त्या माणसावरची माया. दुसरी म्हणजे त्याला पाहत होतो त्या आपल्याच दिवसांची ओढ. दोन्हींना चेहरा एकच, म्हणून गल्लत होते.

अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे ही जोडी घ्या. दोघांना आपण घरच्यासारखं ‘मामा’ आणि ‘लक्ष्या’ म्हणतो. लक्ष्मीकांत 16 डिसेंबर 2004 ला, पन्नाशीतच गेले. आता त्यांचं नवं काही येणार नाही. त्यामुळे आपल्याला भेटतात ते ऐंशी-नव्वदच्या दशकांतलेच लक्ष्मीकांत, आणि सोबत त्या दशकांतलं आपलं घरही येतं. तिथे माया कुठे संपते आणि ओढ कुठे सुरू होते हे सांगणं फार अवघड. अशोक सराफ मात्र पंचाहत्तरी ओलांडल्यावरही नव्या भूमिका करताना दिसले. त्यांच्याबाबत हा फरक तपासता येतो: त्यांचं आजचं काम तुम्ही मन लावून पाहता, की दोन मिनिटांत जुन्या प्रसंगाकडे वळता?

माया तयार होते ती नियमित सहवासातून, तो सहवास एकतर्फी असला तरी. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी 1956 मध्येच हे मांडलं होतं: रेडिओ-टीव्हीवरची व्यक्ती थेट आपल्याशी बोलल्यासारखी बोलते, ठरल्या वेळी येते, दर वेळी तशीच वागते, आणि ऐकणाऱ्याला ओळख झाल्यासारखं वाटू लागतं. अमीन सयानी 1952 पासून रेडिओ सिलोनवर गीतमाला घेऊन येत तेव्हा हेच घडत होतं. तोच आवाज, ठरलेला दिवस, श्रोत्यांना आपुलकीने घातलेली साद. अशा मायेला नवं खाद्य लागतं. मुलाखत, नवी भूमिका, तब्येतीची बातमी, काहीही चालतं, आणि त्यावर ती वाढत राहते.

ओढीला कलाकाराचं नवं काही लागत नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या तर साधारण 10 ते 30 या वयातल्या जास्त निघतात, हे मानसशास्त्रात पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. त्या वयात जे पडद्यावर होतं ते आपोआप त्यांना चिकटतं. म्हणूनच आज पाहिला तर सुमार वाटेल असा सिनेमाही गळा दाटून आणतो. मात्र ही ओढ वापराने बोथट होते. तोच प्रसंग मोबाइलवर रोज पाहिला की तो सुट्टीतल्या दुपारशी जोडलेला राहत नाही, लोकलच्या प्रवासाशी जोडला जातो.

मनातलं ओळखायचं असेल तर दोन गोष्टी करून पाहा. त्या कलाकाराची न पाहिलेली, अलीकडची, तासाभराची मुलाखत लावा. शेवटपर्यंत उत्सुकता टिकली तर माया आहे. मग त्याच वर्षांतलं, पण त्या कलाकाराशी संबंध नसलेलं काही पाहा: दूरदर्शनवरची जाहिरात, एखाद्या मालिकेचं शीर्षकगीत. तेवढ्यानेच तसंच भरून आलं तर ती ओढ. बऱ्याच जणांना दोन्ही सापडतील. निधनाच्या बातमीच्या आठवड्यात मात्र हे करू नका; सगळ्या वाहिन्या जुनेच प्रसंग दाखवत असतात आणि दोन्ही भावना एकदम उसळतात.

गल्लत झाली की त्रास होतो तो बहुधा कलाकाराला. ओढीलाच माया समजणारा चाहता त्याच्या सुरकुत्यांवर, आवाजावर, वेगळ्या भूमिकेवर चिडतो, कारण त्याला माणूस नको असतो, 1988 साल हवं असतं. उलट, खरी माया असलेले लोक ‘लहानपणीचं वेड’ म्हणून स्वतःचं दुःख दाबतात. ते दाबू नये. त्या माणसाबरोबर तीस वर्षं गेलेली असतात. आणि कलाकाराचं गैरवर्तन उघड झालं, तर विश्वास काढून घ्यावा. आठवणी फेकायची गरज नाही, त्या आपल्या घरातल्या आहेत.

मराठी नाटकाच्या प्रेक्षकाला प्रयोगानंतर रंगपटात जाऊन भेटण्याची संधी असते. तिथे लक्षात ठेवावं की आपण त्यांना चाळीस वर्षं ओळखतो, ते आपल्याला आत्ता पहिल्यांदा पाहतात. ‘लहानपणापासून बघतोय’ एवढ्यावर त्यांना ‘धन्यवाद’खेरीज काय बोलता येणार? त्याऐवजी आजच्या प्रयोगातली एक जागा नेमकी सांगा, बोलणं आपोआप सुरू होतं. मेकअप उतरवत असतील तर फोटो मागू नका. लगेच दुसरा प्रयोग असेल तर दारातूनच नमस्कार करून निघा.