बांधकाम कामगारांचा सुरक्षा संच: अर्ज नेमका कुठे अडकतो

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंद असलेल्या कामगाराला सुरक्षा संच फुकट मिळतो. त्यात हेल्मेट, बूट, हातमोजे, चमकपट्टीचं जॅकेट, उंचीवरच्या कामाचा हार्नेस पट्टा आणि इतर काही वस्तू असतात. नोंदणीची पात्रता दोनच गोष्टींची: वय 18 ते 60, आणि मागच्या 12 महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामाचं काम. गवंडी, सेंट्रिंगवाले, रंगारी, सुतार, फरशी बसवणारे, दगड कापणारे, सगळे यात येतात.

आधार, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, फोटो, बँकेचं पासबुक ही कागदपत्रं घरात असतात. नडतो तो 90 दिवस काम केल्याचा दाखला.

पहिला गैरसमज म्हणजे 90 दिवस सलग लागतात हा. तसं नाही. वर्षभरातले मिळून 90. कोकणात पावसाळ्यात बाहेरची कामं बंदच असतात, त्यामुळे ऑक्टोबर ते मे हाच आपला हिशोबाचा काळ. तरीही कुणीतरी '1 जून ते 31 ऑगस्ट' असा कोरा छापील दाखला भरून देतं. दिवस 92 भरतात खरे, पण भर आषाढात तीन महिने पायाखोदाई केली हे रत्नागिरीत बसलेला कुठला अधिकारी मानेल? '1 जानेवारी ते 31 मार्च' हेही तसंच. मोजून 90 दिवस, आणि तपासणाऱ्याने रविवार वजा केले की राहतात 77. ज्या तारखांना खरंच काम केलं त्याच लिहा, आणि कालावधी ऐसपैस येऊ द्या. दाखल्यातला काळ अर्जाच्या आधीच्या 12 महिन्यांतला हवा. गेल्या वर्षीचा दाखला जपून ठेवून उपयोग नाही.

दाखला ठेकेदार देऊ शकतो किंवा ज्या हद्दीत काम केलं तिथली ग्रामपंचायत, नगरपरिषद. आपल्याकडे गवंडी सहा घरमालकांकडे पंधरा-पंधरा दिवस काम करतो, त्याला एक ठेकेदार कुठून आणायचा? अशा वेळी मालकांची नावं, वाडी आणि तारखा एका कागदावर लिहून ग्रामसेवकांकडे जा (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी). नुसतं 'दाखला द्या' म्हटलं की टाळाटाळ होते, आणि खोट्या दाखल्यावर सही करून अडचणीत कोण येणार, हे त्यांचं म्हणणंही अगदीच चूक नाही. सही-शिक्क्याबरोबर जावक क्रमांक (कार्यालयाच्या नोंदवहीतला नंबर) आणि तारीख आहे का, ते तिथेच उभं राहून बघा. जावक क्रमांकाची जागा कोरी राहिली, तर त्यासाठी पुन्हा अख्खा रोज बुडतो.

नाव आधारवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. दाखल्यावर 'बाळा' आणि आधारवर 'बाळकृष्ण' चालणार नाही.

नोंदणी फी 1 रुपया, वार्षिक वर्गणी 1 रुपया. बाकी जे मागतात ते एजंटचं.

नोंदणी एक वर्षाचीच असते. दरवर्षी नवा दाखला जोडून नूतनीकरण करावं लागतं. मंडळाच्या भाषेत नोंदणी 'जीवित' हवी. मुदत संपलेलं कार्ड दाखवून संच मिळत नाही.

आता ओळख पटवायला यंत्रावर द्यायच्या अंगठ्याच्या ठशाचं. सिमेंटने बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा घेत नाही. ठसा द्यायच्या आधी दोन-तीन दिवस सिमेंटमध्ये हात घालू नका, रात्री खोबरेल लावा, सकाळी साबणाने धुऊन कोरडे करून जा. तरीही नाही जमलं तर आधार केंद्रावर ठसे नव्याने नोंदवून घ्या.

संच हातात आला की सही करण्याआधी बूट घालून बघा. आठ नंबरच्या पायाला दहाचा बूट म्हणजे परांचीवर अडखळायची सोय. हेल्मेटवर आयएस (भारतीय मानक) 2925, बुटावर आयएस 15298, हार्नेसवर आयएस 3521 असं छापलेलं हवं.

हार्नेस नुसता अंगावर असून भागत नाही. कौलं शाकारताना हुक रिपेला (कौलांखालच्या बारीक लाकडी पट्टीला) अडकवलेला दिसतो. रीप माणसाचा झटका झेलत नाही. हुक पक्क्या तुळईला किंवा काँक्रीटच्या खांबाला, कमरेच्या वर, शक्यतो डोक्यावर. सहा फुटी दोरी, झटका शोषणारी पट्टी उघडल्यावर आणखी साडेतीन फूट, खाली लोंबणारा माणूस आणि थोडी मोकळी जागा धरली तर हुकापासून खाली 18 फूट मोकळे लागतात. एकमजली घराच्या पागोळीपाशी ते मिळत नाहीत, म्हणून दोरी आखूड ठेवा. एकदा झटका बसलेला पट्टा आणि वरून काही पडलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका. खाऱ्या हवेत हुकाची स्प्रिंग गंजते. बोटाने दाबून तो आपणहून बंद होतो का, ते रोज बघा. भिजलेला पट्टा उन्हात नको, पडवीत सावलीला वाळवा.

चिरा (जांभा दगड) कटरने कापताना तोंडाला रुमाल बांधून धूळ थांबत नाही. त्याला आयएस 9473 चा मास्क लागतो. संचात नसेल तर ठेकेदाराकडे मागा. संच यायला महिने लागले, तरी तोवर हेल्मेट आणि पट्टा पुरवणं त्याचंच काम आहे, आणि त्याचे पैसे मजुरीतून कापता येत नाहीत.