निऑन

निऑन हे रंगहीन, गंधहीन वायुरूप मूलद्रव्य आहे. अणुक्रमांक १०, अणुभार २०.१८. आवर्तसारणीच्या अठराव्या गणात हेलियम आणि आर्गॉन यांच्यामध्ये त्याची जागा आहे. सर्वांत बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन पूर्ण भरलेले असल्यामुळे तो इतर मूलद्रव्यांशी संयोग पावत नाही. क्रिप्टॉन आणि झेनॉन या त्याच्याच गणातल्या वायूंची संयुगे प्रयोगशाळेत तयार झाली. रासायनिक बंधाने बांधलेले निऑनचे स्थिर संयुग मात्र अजून मिळालेले नाही. त्यामुळे निऑनच्या रसायनशास्त्रात सांगण्याजोगे फार थोडे आहे. त्याच्याकडून माणसाने जे मोठे काम करून घेतले, ते विजेचा झोत अंगावरून गेला की त्याचे अणू जो तांबडा-नारिंगी प्रकाश फेकतात त्यातून. त्याचा शोधही याच प्रकाशाने लागला.

१८९४ मध्ये आर्गॉन आणि १८९५ मध्ये पृथ्वीवरचे हेलियम हाती आल्यावर ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झे यांना या दोहोंमध्ये एक जागा रिकामी दिसत होती. तिथे अणुभार विसाच्या आसपास असलेला एक वायू असायलाच हवा, असे त्यांनी १८९७ मध्ये टोरांटोच्या विज्ञान परिषदेत मांडले. पुढच्या वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रॅम्झे आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी हवेपासून मिळवलेले आर्गॉन द्रवरूप हवेने थंड करून, त्यातून आधी उकळून निघणारा हलका भाग वेगळा केला. तो नळीत भरून वीज सोडताच नळी किरमिजी उजेडाने पेटली. प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या वर्णपटदर्शीला डोळा लावण्याआधीच दोघांना कळले की हा नवा वायू आहे. हे जून १८९८ मध्ये घडले. ‘नवा’ या अर्थाचे नाव रॅम्झे यांच्या तेरा वर्षांच्या मुलाने सुचवले; वडिलांनी त्याचे लॅटिन रूप बदलून ग्रीक केले.

या दोघांचाही भारताशी थेट संबंध आला, ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असावी तितकी नाही. मुंबईच्या जमशेटजी टाटांनी योजलेल्या विज्ञानसंस्थेसाठी जागा सुचवायला रॅम्झे १९००-०१ च्या हिवाळ्यात भारतात हिंडले आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली. तिथे उभ्या राहिलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले संचालक झाले ते मॉरिस ट्रॅव्हर्स.

विश्वात विपुलतेच्या क्रमाने, वस्तुमानानुसार, निऑन पाचवा आहे. मोठ्या ताऱ्यांच्या गाभ्यात कार्बनच्या ज्वलनातून तो तयार होतो. पृथ्वीवर मात्र तो दुर्मीळ आहे, कारण हा वायू हलका आणि कोणत्याही खडकात बांधला न जाणारा. हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे जेमतेम १८ भाग असतात, म्हणजे एक लिटर निऑनसाठी सुमारे ५५,००० लिटर हवा लागते. तो उणे २४६ अंश सेल्सिअसला उकळतो. अणुविज्ञानातही त्याने एक मोठे काम केले. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसन यांना १९१२-१३ च्या सुमारास निऑनच्या आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) एकाऐवजी दोन रेषा उमटलेल्या दिसल्या, एक २० भाराची आणि दुसरी २२ भाराची. किरणोत्सारी नसलेल्या मूलद्रव्यालाही समस्थानिके, म्हणजे वेगवेगळ्या भाराचे अणू, असतात याचा तो पहिला पुरावा होता. फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ पासून अणूंचे भार वेगळे करून दाखवणाऱ्या आपल्या वस्तुमान-वर्णपटलेखकाने तो पक्का केला.

निऑनला रस्त्यावर आणले ते जॉर्ज क्लोद या फ्रेंच अभियंत्याने. त्याच्या हवा द्रवरूप करण्याच्या कारखान्यात ऑक्सिजन काढताना निऑन आपोआप उरत असे. डिसेंबर १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्याने बारा-बारा मीटर लांबीच्या दोन नळ्या उजळल्या. घरात लावायला हा रंग कामाचा नव्हता, पण जाहिरातीला नेमका होता. १९१२ मध्ये पॅरिसमधल्या एका केशकर्तनालयावर निऑनची पाटी लागली आणि पुढच्या काही वर्षांत तिचा प्रसार झाला. क्लोदची खरी करामत नळी टिकवण्यात होती. अशुद्ध वायू आणि झिजणारे विद्युतअग्र यांमुळे आधीच्या नळ्या लवकर मरत. त्याने थंड कोळशाने वायू शुद्ध केला आणि अग्रांचा पृष्ठभाग मोठा ठेवला. १९१५ चे त्याचे अमेरिकी पेटंट याच अग्रांबद्दल आहे. हाच क्लोद पुढे नाझींशी सहकार्य केल्याबद्दल १९४५ मध्ये जन्मठेपेला पात्र ठरला आणि काही वर्षांनी सुटला.

पाटी बनवण्याचे काम आजही हाताचेच आहे. कारागीर उष्णता सोसणाऱ्या कागदावर अक्षरे उलटी काढून घेतो, काचेची नळी लांबट ज्योतीवर तापवून मऊ करतो आणि काही क्षणांत कागदावर ठेवून वळवतो. नळीच्या एका टोकाला जोडलेली रबरी नळी त्याच्या तोंडात असते. वळणावर काच आत बसू नये म्हणून तो त्याच वेळी हलकी फुंकर घालत असतो. मग नळीतली हवा उपसून, जोरदार प्रवाहाने काच तापवून भिंतींना चिकटलेली अशुद्धी हाकलली जाते आणि वातावरणीय दाबाच्या शंभराव्या भागाच्या आसपास निऑन भरला जातो. ती पेटवायला हजारो व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागतो. दोन अक्षरांमधला जोडाचा भाग काळ्या रंगाने झाकतात. देवनागरीत शिरोरेखा आड येते: एक तर नळी प्रत्येक अक्षरात खाली उतरवून पुन्हा वर न्यायची, नाही तर रेघेसाठी वेगळी नळी घालायची. शुद्ध निऑनचा रंग तांबडा-नारिंगीच. निळ्या पाटीत आर्गॉन आणि पारा असतो, हिरवा किंवा गुलाबी रंग काचेच्या आतल्या लेपातून येतो. हल्ली उपाहारगृहांत आणि लग्नमंडपांत ‘निऑन’ म्हणून जे लावतात ते बहुधा सिलिकॉनच्या पट्टीत बसवलेले एलईडी असतात. त्यांना वीज कमी लागते, पण त्यांत निऑन नसतो.

कलावंतांनी ही नळी जाहिरातवाल्यांकडूनच उचलली. लुचो फोन्ताना यांनी १९५१ मध्ये मिलानच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात जिन्यावर निऑनची एक प्रचंड वेटोळी टांगली. तिला ना अक्षर होते ना विकायचा माल. ब्रूस नाउमन यांचा स्टुडिओ सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका जुन्या किराणा दुकानात होता आणि खिडकीत बिअरची पाटी राहून गेली होती. १९६७ मध्ये त्यांनी तशीच पाटी बनवली, पण तिच्यावर खऱ्या कलावंताच्या कामाबद्दलचे एक वाक्य गोल फिरत लिहिले. मारिओ मेर्झ यांचे फिबोनाची अंक (प्रत्येक अंक आधीच्या दोहोंची बेरीज) तुरीनच्या मोले अँतोनेलियाना या वास्तूच्या उतरत्या घुमटावर तांबड्या निऑनमध्ये चढत जातात. मला यांत सर्वांत मोलाची वाटते ती हाँगकाँगची अनामिक परंपरा. तिथे सुलेखनकार अक्षर काढून देत आणि काच वळवणारा ब्रशच्या फटकाऱ्याची जाडी अनेक समांतर नळ्यांनी साधे. सुरक्षेच्या नियमांमुळे आणि एलईडीमुळे त्या पाट्या झपाट्याने उतरल्या. काही एम-प्लस संग्रहालयाने जपल्या आहेत.

निऑनचा सर्वांत घरगुती अवतार म्हणजे इलेक्ट्रिशियनचा टेस्टर. त्याच्या पारदर्शक मुठीत एक इवलासा निऑन दिवा आणि त्याला जोडून लाखो ओहमचा रोधक असतो. टोक चालू तारेला लावून मागच्या टोपीवर बोट टेकवले की रोधक आणि शरीर यांच्या वाटे मिलिअँपिअरचाही छोटा अंश वाहतो. दिवा पेटायला तेवढे पुरते, आणि बोटाला काही जाणवत नाही. साठ-सत्तर व्होल्टच्या खाली तो पेटतच नाही. शिवाय दिवा न पेटण्याचे कारण तो बिघडलेला असणे हेही असू शकते, म्हणून आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर टेस्टर पाहून घ्यावा. असे छोटे दिवे डॅनियल मॅकफार्लन मूर यांनी १९१७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये तयार केले.

डिसेंबर १९६० मध्ये बेल प्रयोगशाळेत अली जावान, विल्यम बेनेट आणि डोनाल्ड हेरिएट यांनी हेलियम-निऑन लेझर चालवला. तो पहिला वायू-लेझर, आणि अखंड झोत देणारा पहिला लेझरही. यात वीज मुख्यतः हेलियमच्या अणूंना उत्तेजित करते; ते टक्करीतून आपली ऊर्जा निऑनला देतात आणि प्रकाश निऑन देतो. पहिला झोत अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, होता. १९६२ मध्ये ६३२.८ नॅनोमीटरचा लाल झोत मिळाला. महाविद्यालयात जाळीचे विवर्तन मोजताना कित्येकांनी पाहिलेला लाल ठिपका तो हाच. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगमच्या पुड्यावरचा बारकोड ज्याने पहिल्यांदा वाचला, तोही हेलियम-निऑन लेझरच.

आज या वायूची खरी निकड आहे ती चिपच्या कारखान्यांना. सिलिकॉनवर अतिसूक्ष्म आकृत्या उमटवणाऱ्या जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) लेझरमध्ये प्रकाश क्रिप्टॉन किंवा आर्गॉनच्या फ्लोराइडचा असतो, पण नळीतला ९५ टक्क्यांहून अधिक वायू निऑन असतो. सोव्हिएत काळातल्या पोलाद कारखान्यांच्या ऑक्सिजन संयंत्रांतून कच्चा निऑन मिळे आणि तो युक्रेनमध्ये मारिउपोल आणि ओदेसा इथे शुद्ध होई. चिपसाठी लागणारा जगातला जवळपास निम्मा निऑन तिथूनच येत असे. २०१४ च्या रशिया-युक्रेन संघर्षात त्याचे भाव भडकले आणि लेझर बनवणाऱ्यांनी वायूचा वापर कमी करण्याच्या आणि वापरलेला निऑन शुद्ध करून पुन्हा भरण्याच्या यंत्रणा विकसित केल्या. २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केल्यावर युक्रेनमधल्या दोन्ही प्रमुख कंपन्यांचे उत्पादन थांबले, तेव्हा या यंत्रणा आणि आधीचे साठे कारखान्यांच्या कामी आले.