मिराज 3 आणि मिराज 2000 : किट चिकटवायच्या आधी पंखाला पट्टी लावा

ग्वाल्हेरात राहून मिराज ओळखता येत नाही म्हणजे लाजच, पण माझं तसं झालं खरं. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरून उडून आमच्या गच्चीवरून कान बधिर करत जाणारं विमान भाच्याला बनवून द्यायचं होतं. दुकानात प्लास्टिकच्या मॉडेलचं किट दिसलं, डब्यावर मिराज लिहिलेलं, तिकोनी पंख, आडवी शेपटी नाही, घेतलं. तीन रविवार घालवून चिकटवलं, रंगवलं, आपल्या हवाई दलाचे केशरी-पांढरे-हिरवे गोल लावले. शेजारचे काका एअरफोर्समधून रिटायर झालेत, त्यांनी हातात घेऊन फिरवून बघितलं आणि हसायलाच लागले. म्हणे, अरे हे मिराज 3 आहे, हे आपल्याकडे कधी नव्हतंच, हे पाकिस्तानकडे!

चूक होते कारण दोन्ही दासो या फ्रेंच कंपनीचीच, दोन्हीला एकच इंजिन, हवा घ्यायच्या तोंडात अर्धा शंकूसुद्धा दोन्हीकडे. पण मिराज 3 पहिल्यांदा उडालं 1956 ला, मिराज 2000 उडालं 1978 ला, म्हणजे मध्ये 22 वर्षं. आपल्याकडे 2000 आलं 1985 मध्ये, ग्वाल्हेरलाच, नाव ठेवलं वज्र.

आता किट हातात आहे असं धरा आणि पट्टी घ्या. खऱ्या मिराज 3 चा पंखविस्तार 8.22 मीटर, 2000 चा 9.13. म्हणजे 1/72 मध्ये (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं मॉडेल) पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत साधारण 114 मिमी भरलं तर 3 आणि 127 भरलं तर 2000. 1/48 मध्ये तेच 171 आणि 190. लांबी बघून मात्र फसाल, कारण जुनं 3ई (मिराज 3 चाच एक प्रकार) च लांब आहे, 15 मीटरच्या आसपास, आणि 2000 एकसीटर 14.36. मला वाटलेलं नवं म्हणजे सगळीकडून मोठं, तसं नाहीये.

पट्टी नसेल तर पंखाची पुढची कड बघा. 2000 ला तिथे कडेकडेने स्लॅटची (पुढच्या कडेची हलती फळी) रेघ कोरलेली असते, 3 ला स्लॅटच नाहीत. आणि ही रेघ नुसती सजावट नाही बरं का, खरा फरक तिथेच आहे. आडवी शेपटी नसली की नाक वर करायला पंखाच्याच मागच्या फळ्या वर उचलाव्या लागतात, त्या उचलल्या की पंखाची उचल कमी होते, आणि ती कमी होते नेमकी उतरताना, जेव्हा सगळ्यात जास्त हवी असते. म्हणून जुनं मिराज फार वेगात उतरायचं, धावपट्टी लांब लागायची. 2000 मध्ये विमान मुद्दामच थोडं अस्थिर ठेवलं, सांभाळायला कॉम्प्युटर बसवला, त्यामुळे त्या फळ्या उलट उचलीला मदत करायला लागल्या, शिवाय स्लॅट आणि मोठा पंख.

बाकी दोन खुणा पटकन. 2000 च्या हवेच्या तोंडांवर बाहेरच्या बाजूला छोटासा कानासारखा पत्रा असतो, 1/72 मध्ये तांदळाएवढा, चिमटा घसरला की गेलाच गाद्यांखाली. आणि पंख अंगाला मिळतो तिथे 2000 मध्ये गोलसर वळण आहे, 3 मध्ये सरळ कोपरा. कॉकपिटपुढची इंधन भरायची नळी बघून ठरवू नका, पाकिस्तानने काही जुन्या मिराजनाही नंतर नळी लावलीये.

हेलर या किट बनवणाऱ्या कंपनीने दोन्ही विमानं 1/72 मध्ये काढलीत, म्हणून दुकानात नुसतं मिराज मागू नका, आकडा सांगा. आणि डब्यात आपले गोल बहुतेक नसतात, भारतीय डिकलची (मॉडेलवर चिकटवायच्या खुणा) शीट वेगळी मागवावी लागते, मी तर तीही त्या 3 वर वाया घालवली. टेप चिकटवून ओढून बघितलं, डावीकडचा गोल निघाला, उजवीकडच्याचा हिरवा ठिपका अजून पंखावर आहे.