वेसकर, चौकीदार आणि गेटवरचे ॲप

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या गृहसंकुलांच्या गेटवर दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत जाड पुठ्ठ्याची एक लांबट नोंदवही असे. शेजारी सुतळीने टेबलाला बांधलेले बॉलपेन असे आणि रकाने ठरलेले असत: तारीख, नाव, कुठून आला, कोणाकडे, गाडीचा नंबर, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. जाण्याच्या वेळेचा रकाना बहुधा कोराच राही. ‘कुठून आला’ याखाली लोक ‘मुंबई’ किंवा ‘ऑफिस’ असे काहीतरी खरडत, नाहीतर वरच्या ओळीतल्या मजकुराखाली दोन टिंबे देऊन मोकळे होत. वही भरली की ती मीटर रूममध्ये जाई, आणि तिथे वाळवीच्या नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या हाती लागे.

आज त्या वहीच्या जागी वॉचमनच्या हातात मोबाइल आहे. २०१६ साली बंगळुरूत सुरू झालेले मायगेट आणि त्याच धर्तीची इतर ॲप गेल्या काही वर्षांत ठाणे, ऐरोली, खारघर अशा भागांतील मोठ्या सोसायट्यांत रुळली. त्यांवर पाहुण्याचा फोटो आणि मोबाइल नंबर घेतला जातो. घरकामाला येणाऱ्या मावशींचा तपशील याहून बराच जास्त असतो: फोटो, ओळखपत्राची प्रत, त्या कोणकोणत्या घरी काम करतात, रोज किती वाजता आत आल्या, किती वाजता बाहेर पडल्या, महिन्यात किती खाडे झाले. मी ज्या सोसायटीत राहतो तिथे हा बदल वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात दहा मिनिटांत मंजूर झाला, आणि त्या दहा मिनिटांतली आठ मिनिटे दर फ्लॅटमागे खर्च किती येईल यावर गेली. माहिती किती दिवस ठेवायची हा प्रश्न कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही. या प्रश्नामागे बराच मोठा इतिहास आहे आणि आता त्यावर कायदाही झाला आहे, म्हणून ही पार्श्वभूमी.

वेशीवर माणूस बसवून आल्यागेल्यावर लक्ष ठेवणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. गावगाड्यात हे काम वेसकराकडे असे. रात्री वेस लावून घेणे आणि गावात परका कोण उतरला याची खबर पाटलाला देणे ही त्याची जबाबदारी होती. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यासाठी १८६७ चा ग्राम पोलीस कायदा आला आणि ही जुनी रीत सरकारी चौकटीत बसली. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने घेतली, आणि त्याखालचा पोलीस पाटील आजही ठाणे जिल्ह्यातल्या गावांत नेमला जातो. मात्र वेसकराची नोंद त्याच्या डोक्यात असे आणि ती त्याच्याबरोबरच विसरली जाई.

लेखी नोंद ठेवण्याची कडक रीत आधी लागू झाली ती ज्यांच्यावर संशय घ्यायचे सरकारने ठरवले होते त्यांना. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने समाजच्या समाज गुन्हेगार ठरवले, आणि १९११ च्या नव्या कायद्यानंतर तो अंमल मुंबई इलाख्यातही आला. त्याखाली नाव नोंदवलेल्यांच्या बोटांचे ठसे घेतले जात, त्यांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडायचे तर पास घ्यावा लागे. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या लोकांना ठेवण्याच्या सरकारी वसाहतीत, काटेरी तारांच्या कुंपणाआड पिढ्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि भटके-विमुक्त समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. गेटवरच्या नोंदीचा विचार करताना हा इतिहास मला वगळता येत नाही, कारण नोंद कोणाची होते हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

खासगीपणाच्या हक्काचा भारतातला सुरुवातीचा एक मोठा खटलाही एका चौकीदाराशी जोडलेला आहे, ही गोष्ट गृहनिर्माण संस्थांच्या संदर्भात फारशी कोणी सांगत नाही. उत्तर प्रदेशातील खडकसिंग यांना १९४१ साली दरोड्याच्या संशयावरून पकडण्यात आले आणि पुराव्याअभावी सोडून देण्यात आले. पोलिसांनी तरीही त्यांची हिस्ट्रीशीट, म्हणजे पाळतीखालच्या माणसाची नोंद, उघडली. गावचा चौकीदार आणि कधी कधी शिपाई रात्री येऊन दार वाजवीत, हाका मारीत, झोपेतून उठवीत आणि काही वेळा त्यांना हजेरीसाठी पोलीस ठाण्यातही नेत. परगावी जायचे तर कुठे जातो आणि केव्हा परतणार हे चौकीदाराला किंवा पोलीस ठाण्यात कळवावे लागे. डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायमूर्तींच्या पीठाने रात्री घरी येऊन पाहणी करण्याची तरतूद रद्द केली. पण लपून पाळत ठेवणे आणि जाण्यायेण्याची नोंद करणे यांना हात लावला नाही, कारण बहुमताच्या मते राज्यघटनेने खासगीपणाचा हक्क दिलेलाच नव्हता. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींच्या पीठाने झडतीच्या संदर्भात असेच म्हटले होते. न्या. के. सुब्बाराव आणि न्या. जे. सी. शहा यांनी मात्र वेगळे मत नोंदवले. ज्याच्या प्रत्येक हालचालीवर नजर आहे तो माणूस मोकळा हिंडत असला तरी स्वतंत्र कसा म्हणायचा, असा सुब्बाराव यांच्या निकालपत्राचा रोख होता.

पुढची पन्नास वर्षे हे अल्पमत हळूहळू बहुमत होत गेले. १९७५ च्या गोविंद खटल्यात पाळतीचाच प्रश्न पुन्हा आला आणि न्यायालयाने खासगीपणाचा मर्यादित हक्क गृहीत धरला. डिसेंबर १९९६ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर फोन टॅपिंगसाठी गृहसचिवाचा आदेश आणि फेरआढावा समिती अशा अटी घालण्यात आल्या, त्याही तारायंत्रासाठी केलेल्या १८८५ च्या कायद्याखाली. आधार क्रमांकाविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली याचिका केली. तिच्या सुनावणीत सरकारने १९५४ आणि १९६२ चे निकाल पुढे केले, म्हणून प्रश्न नऊ न्यायमूर्तींसमोर गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि खडकसिंग निकालाचा तेवढा भाग रद्द केला. चौकीदाराला जाणे-येणे कळवण्याची सक्ती झालेल्या माणसाला त्याच्या खटल्यानंतर पंचावन्न वर्षांनी न्याय मिळाला, असे म्हणता येईल.

पण हे सारे सरकारच्या चौकीदाराबद्दल होते. सोसायटीचा वॉचमन सरकारचा नोकर नाही आणि सहकारी गृहनिर्माण संस्था हे घटनेच्या अर्थाने ‘राज्य’ नाही, म्हणून मूलभूत हक्काचा हा निकाल तिला थेट लागू होत नाही. २००५ साली झोरोॲस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात सदस्यत्व पारशी समाजापुरते ठेवणारी उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध मानली, तीही याच धर्तीच्या विचारातून. जानेवारी २०२३ च्या कौशल किशोर निकालाने घटनेच्या कलम १९ आणि २१ खालचे मूलभूत हक्क सरकारेतर व्यक्तींविरुद्धही बजावता येतात असे बहुमताने म्हटले असले, तरी त्या आधारे कोणी सोसायटीच्या गेटवर फोटो काढायला नकार देईल अशी परिस्थिती आज नाही. पुट्टस्वामी निकालातच न्यायालयाने ही पोकळी ओळखली होती. खासगीपणाला धोका सरकारइतकाच सरकारबाहेरूनही आहे, तेव्हा माहितीच्या संरक्षणासाठी भक्कम व्यवस्था उभारावी, असे त्यात केंद्राला सुचवले आहे.

दरम्यान गेटवरची कडक तपासणी एका वेगळ्याच कारणाने वाढली होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर अनोळखी माणसाबद्दलची भीती शहराच्या अंगात भिनली. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेश ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत वेळोवेळी निघत राहिले आणि भाडेकरारासोबत ‘पोलीस व्हेरिफिकेशन’ हा शब्द रूढ झाला. २०११ च्या नियमांनी सायबर कॅफेच्या मालकालाही ओळखपत्राची प्रत घेणे आणि नोंद किमान एक वर्ष जपणे बंधनकारक केले. कॅफेवाल्याला निदान किती दिवस ठेवायचे हे तरी सांगितले होते. सोसायटीच्या गेटला तेही कोणी सांगितले नाही, आणि सुरक्षेच्या नावाखाली जे जे गोळा करता येईल ते ते गोळा होत गेले.

अशा नोंदींची किंमत काय असते ते ठाणे शहरातच उघड झाले. २०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने मोबाइलचे कॉल डिटेल रेकॉर्ड, म्हणजे पोलिसी भाषेतले सीडीआर, बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून काही खासगी गुप्तहेरांना अटक केली. सीडीआरमध्ये बोलणे नसते, कोणी कोणाला केव्हा आणि किती वेळ फोन केला एवढेच असते. तरीही त्याला गिऱ्हाईक होते, कारण माणसाचे आयुष्य उलगडायला तेवढे पुरते. गेटवरची नोंद याच जातीची आहे. फ्लॅटमध्ये काय घडले हे तिला माहीत नसते. डॉक्टर कोणत्या घरी दर आठवड्याला येतो, कोणाकडे वसुलीवाला माणूस दोनदा येऊन गेला, कोणत्या घरातली सून चार महिन्यांत आलेली नाही, हे मात्र तिच्यातून दिसते. जुन्या वहीतूनही ते दिसले असते, पण ती चाळायला कोणाकडे वेळ नव्हता. ॲपमध्ये नाव टाकले की सगळ्या तारखा एकाखाली एक येतात.

माहिती संरक्षणाचा कायदा यायला पुट्टस्वामी निकालानंतर सहा वर्षे लागली. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल आणि मसुदा दिला. डिसेंबर २०१९ मध्ये विधेयक संसदेत आले, संयुक्त समितीकडे दोन वर्षे राहिले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले. अखेर नव्याने लिहिलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली, म्हणजे त्या मे २०२७ मध्ये सुरू होतील. याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कायद्यातील कलम ८(१)(जे) बदलून सरकारी माहिती ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारण्याची वाट रुंद केली. केंद्राच्या आधी, २००२ सालीच माहिती अधिकाराचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला ते खुपायला हवे, पण तो स्वतंत्र विषय आहे.

गेटच्या दृष्टीने या कायद्यातल्या काही गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. तो डिजिटल किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो, म्हणून पुठ्ठ्याची वही त्याच्या बाहेर आहे. एखाद्या व्यक्तीने घरगुती कारणासाठी ठेवलेली नोंदही बाहेर आहे, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या पिशव्यांच्या आकड्याशेजारी मावशींच्या खाड्यांची फुली मारणाऱ्याला चिंता नाही. सोसायटी मात्र व्यक्ती नव्हे. तिने माहिती कशासाठी घेतो हे आधी कळवायचे, संमती घ्यायची, आणि काम संपले किंवा संमती काढून घेतली की ती पुसायची. नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मागण्याची सोय असल्याने ती मराठीतही मागता येते. मानपाड्याहून किंवा कोलशेतहून सकाळी सातला येणाऱ्या बाईला आतापर्यंत मिळालेली नोटीस म्हणजे “मावशी, इकडे बघा” एवढीच होती.

व्यक्तीने स्वेच्छेने दिलेली माहिती ठरलेल्या कामासाठी वेगळ्या संमतीशिवाय वापरण्याची मुभाही कायद्यात आहे, आणि सोसायट्या बहुधा तिचाच आधार घेतील. फोटो दिला नाही तर गेट उघडत नाही आणि गेट उघडले नाही तर चार घरांचा पगार बुडतो, अशा ठिकाणी स्वेच्छा कशाला म्हणायचे हे पुढे या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला आणि न्यायालयांना ठरवावे लागेल. मुलांचाही प्रश्न आहे. काही ॲपवर मूल एकटे गेटबाहेर पडताना पालकाच्या मोबाइलवर परवानगी मागितली जाते. कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागतो, तेव्हा अकरावीच्या क्लासला निघालेला सतरा वर्षांचा मुलगाही त्यात येतो.

सर्वांत महत्त्वाची तरतूद जबाबदारीची आहे आणि कमिट्यांचा गैरसमज नेमका तिथेच आहे. ‘डेटा कंपनीकडे आहे, आपला काय संबंध’ असे सेक्रेटरी सहज म्हणून जातात. माहिती कशासाठी आणि कशा रीतीने घ्यायची हे जो ठरवतो त्याला कायदा ‘डेटा फिड्युशिअरी’ म्हणतो, आणि त्याच्या वतीने काम करणाऱ्याची चूकही त्याच्याच माथी येते. कोणाची ओळखपत्रे घ्यायची आणि कोणाला गेटवर थांबवायचे हे जर सर्वसाधारण सभा ठरवत असेल, तर ही जबाबदारी सोसायटीवर येऊन पडते. सुरक्षेच्या वाजवी उपाययोजना न केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पंच्याऐंशी फ्लॅटच्या सोसायटीला कोणी तेवढा ठोठावणार नाही, पण मर्यादा कायद्यात लिहिलेली आहे.

मागच्या महिन्यात आमच्याकडे सात वर्षे काम करून गावी परत निघालेल्या मावशींनी वॉचमनला विचारले, “त्यातला माझा फोटो काढणार ना?” त्याने सेक्रेटरींना विचारा असे सांगितले, सेक्रेटरींनी कंपनीच्या मदत क्रमांकावर विचारा असे सांगितले, आणि तिथे विनंती रहिवाशानेच करावी असे उत्तर मिळाले. मावशी रहिवासी नाहीत. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, असा अर्ज मी कमिटीकडे दिला आहे आणि तो ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात टाकू नये असेही त्यात लिहिले आहे.